रस्ता ओलांडताना काढून ठेवलेला चष्मा

मी एक चष्मा आहे. पंचवीस पौंडांचा. किंमत आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे जे बिनसलं त्याचा आळ पाच वर्षं माझ्या किमतीवरच आला. "स्वस्तातला माल, दुसरं काय!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

माझी तपकिरी फ्रेम चीनमधल्या एका कारखान्यात घडली आणि काचा इंग्लंडमधल्या एका मोठ्या गोदामात कापल्या गेल्या. तिथे आरसा नव्हता, "मला शोभतोय का हो?" असं विचारणारं गिऱ्हाईक नव्हतं. नुसते आकडे यायचे आणि त्या आकड्यांप्रमाणे आम्ही तयार व्हायचो. एका मुलीने मला पुसलं, डबीत निजवलं, आणि दोन दिवसांनी लँकशरमधल्या हॅसलिंग्डन गावात मिसेस बेरिल क्रॉशॉ यांच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून मी आत पडलो.

बेरिल तेव्हा बासष्ट वर्षांची होती. नवरा वारलेला, घरात एकटीच. शाळेजवळच्या रस्त्यावर तिचं काम. लांब पिवळा कोट घालायचा, टोकाला 'थांबा' अशी गोल पाटी असलेली उंच काठी घ्यायची, रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं आणि मुलांना पलीकडे न्यायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. भलेमोठे ट्रक तिच्यापुढे मुकाट उभे राहत. "सतरा वर्षं झाली, एकाही लेकराला ओरखडा नाही," असं ती सांगायची तेव्हा आपोआप ताठ व्हायची.

माझ्या जन्माची खरी हकिगत मला तिच्या जुन्या चष्म्याने सांगितली. तो खणात पडून असायचा. मोठा तोरेबाज! "आम्ही मिस्टर एन्टविसलांच्या दुकानातले," असं म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे. हे मिस्टर एन्टविसल म्हणजे गावच्या बाजाररस्त्यावरचे चष्मेवाले. तीस वर्षं बेरिलचे डोळे तेच तपासत आलेले. त्याआधी तिच्या वडिलांचेही.

त्या वेळी बेरिल नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेली. साठी उलटलेल्यांना तपासणी फुकट असते. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत यंत्राने हवेची फुंकर मारून आतला दाब पाहिला आणि म्हणाले, "दाब आज ठीक आहे, मिसेस क्रॉशॉ. पण तुमच्या वडिलांना काचबिंदू होता. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. दरवर्षी दाखवायचं. विसरायचं नाही."

"कशी विसरेन?" बेरिल म्हणाली.

मग त्यांनी नंबराचा कागद तिच्या हाती दिला आणि फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला. बेरिलने एका चिठ्ठीवरची किंमत पाहिली. "जरा विचार करून सांगते हं," असं म्हणून ती बाहेर पडली.

घरी शेजारीण ग्लेनिस चहाला आलेली होती. तिने लगेच फोन उघडला. "अगं, तिथे एवढे ओतायचे कशाला? इथे बघ, पंचवीसात घरपोच!"

"पण त्यांना काय वाटेल? एवढं निगुतीने तपासलं त्यांनी, आणि मी कागद घेऊन पळाले."

"त्यांना सांगायला कोण जातंय? मी?"

"माझ्या नाकावर दिसेल ना गं, बाई!"

यावर ग्लेनिस इतकी हसली की तिच्या हातातली पट्टी हलली. फोनवर दोन बुबुळांमधलं अंतर मागितलं होतं आणि ते कागदावर नव्हतं, म्हणून ती नातवाची शाळेतली पट्टी बेरिलच्या कपाळाला लावून मोजत बसली होती. "हलू नकोस. साठ... छे, त्रेसष्ट. नाकच मध्ये येतंय तुझं." असा माझा जन्म.

तरी पहिला दिवस काय सुंदर होता म्हणून सांगू! तिने मला घातलं, खिडकीशी गेली आणि ओरडली, "ग्लेनिस! पलीकडच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसताहेत!" मला वाटलं, आपण जन्माला आलो ते कारणी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेकडे निघालो. बाजाररस्त्याला लागल्यावर एका दिव्याच्या खांबापाशी ती थबकली. पुढे डाव्या हाताला एन्टविसलांचं दुकान होतं. तिने मला नाकावरून उतरवलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने चालू लागली. दुकान मागे पडल्यावर पुन्हा इकडे आली आणि मग मला बाहेर काढलं.

सतरा वर्षं गावातल्या पोरांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवणारी बाई! चष्मा काढून, चाचपडत, मोटारींमधून पलीकडे गेली. कशासाठी, तर एका भल्या माणसाला वाईट वाटू नये आणि आपल्याला ओशाळं व्हावं लागू नये म्हणून. आमच्या गावात लोक गुडघा मोडला तरी आधी समोरच्याची माफी मागतात. त्यातलीच ही.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्यांशी माझी ओळखच झाली.

माझी डावी काडी थोडी सैल होती, त्यामुळे मी नाकावरून घसरायचो. दुकानात दोन मिनिटांचं काम, पैसेही घेत नाहीत कोणी. पण दुकानात जायचं तर मला दाखवावं लागणार! बेरिलने मला गरम पाण्यात बुडवून वाकवलं. मी आणखी तिरका झालो. मग काडीला जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली. पाच वर्षं मी ती पट्टी मिरवली.

वर्ष सरलं तसं दुकानातून एक कार्ड आलं. 'आपल्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ झाली आहे.' खाली शाईने सही आणि सहीशेजारी दोन शब्द, 'जरूर या.' बेरिलने ते बिस्किटांच्या डब्यामागे खोचलं. पुढच्या वर्षी दुसरं आलं, तेही तिथेच गेलं.

"जा ना एकदाची," ग्लेनिस म्हणायची. "खाणार आहेत का ते तुला?"

"जाईन. आधी त्यांच्याकडून एक चष्मा घेईन म्हणते, म्हणजे तोंड दाखवायला जागा राहील."

"मग घे!"

"हा चांगला असताना दुसरा कशाला?"

असं ते वर्तुळ. त्या वर्तुळात मी होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षापासून गमती व्हायला लागल्या. तेव्हा आम्ही त्यांना गमतीच समजत होतो. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला कप तिच्या हाताने पडायचा. दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. ग्लेनिस डावीकडून येऊन बोलली की बेरिल केवढ्याने दचकायची.

"ह्या चष्म्याला कडाच नाहीत बघ," ती वैतागून म्हणायची.

"पंचवीस पौंडांत कडापण हव्यात का बाईसाहेबांना?" ग्लेनिस चिडवायची आणि दोघी हसायच्या.

मला मात्र हसू येईना. माझी काच कडेपर्यंत स्वच्छ होती. प्रकाश माझ्यातून आत जात होता, पण डाव्या बाजूला तो घ्यायला पलीकडे कोणी नव्हतं. आधी मला वाटलं, खोट माझ्यातच असणार. मोजायची ती पट्टी तेव्हा हलली होतीच ना! पुढे पुढे कळलं, पण कळून काय उपयोग? मी महागडा असतो तर तिने पहिल्याच महिन्यात संशय घेतला असता, चष्मा एवढा चांगला मग दिसत का नाही म्हणून. मी स्वस्त पडलो. प्रत्येक गोष्टीचं कारण तयारच होतं.

मग ती मार्चमधली सकाळ आली. बेरिल रस्त्याच्या मधोमध काठी रोवून उभी होती. समोर एक मालाची गाडी थांबली होती. "चला रे, चला," तिने नेहमीसारखी हाक दिली आणि मुलं निघाली. सगळ्यांत मागे सहा वर्षांची टॅबिथा, डब्याची पिशवी झुलवत. डावीकडून, थांबलेल्या गाडीच्या कडेने, एक सायकलवाला सुसाट आला. तो माझ्या काचेत स्पष्ट होता. मला दिसला हो! बेरिलला दिसला नाही.

ब्रेक करकचला. टॅबिथा पडली, डबा चाकाखाली चेपला, सँडविच रस्त्यावर पसरलं. पोरीचा गुडघा खरचटला. तेवढ्यावर निभावलं.

"समोर आलो तरी दिसत नाही का तुम्हाला?" सायकलवाला ओरडला. तो स्वतःच घाबरून पांढरा पडला होता.

टॅबिथाची आई धावत आली. पोरीला उचलत तीच म्हणाली, "काही नाही झालं, बेरिल. चूक त्याचीच. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

बेरिल हळू आवाजात म्हणाली, "नाही गं. तो खरं बोलला. मला नाही दिसला तो."

शेवटचं मूल आत जाईपर्यंत ती उभी राहिली. मग काठी शाळेच्या भिंतीला टेकवली आणि चालू लागली. एन्टविसलांच्या दुकानापाशी आली. तिचा हात वर आला, माझ्या चिकटपट्टीला लागला आणि पुन्हा खाली गेला. मला नाकावर तसंच ठेवून ती दुकानाची पायरी चढली.

मिस्टर एन्टविसलांनी आधी काही विचारलंच नाही. मला अलगद काढून हातात घेतलं, चिकटपट्टी सोडवली, छोट्या स्क्रूड्रायव्हरने काडी घट्ट केली आणि पुसून तिच्या नाकावर परत बसवलं. दोन मिनिटं लागली. पाच वर्षांत पहिल्यांदा मी सरळ बसलो.

"हा मी... फोनवरून मागवला होता," बेरिल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"चष्मा कुठूनही घ्या हो. डोळे तेवढे मला दाखवायचे होते."

मग तपासणी झाली. एका गोलाकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवीकडे बटण वाजत होतं. डावीकडे ठिपक्यांमागून ठिपके चमकून गेले आणि ती शांत बसून राहिली, अजून सुरूच झालं नाही अशा समजुतीने.

"वडिलांचंच ना?" तिने शेवटी विचारलं.

"हो. आता मोठ्या दवाखान्यात पाठवतो. रोज थेंब घालायचे, म्हणजे उरलंय ते बहुतेक राहील. पण गेलं ते..."

"आणि माझी काठी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बेरिल मांडीवरच्या पिवळ्या कोटाच्या गुंड्या चाचपत बसली. मग ते म्हणाले, "मी तुम्हाला ह्या खिडकीतून बघायचो."

"बघायचात?"

"रोज सकाळी. खांबापाशी चष्मा काढायचात आणि पलीकडे जायचात. किती वेळा वाटलं, बाहेर येऊन हाक मारावी. पण म्हटलं, कशाला बिचारीला लाजवा? म्हणून कार्डं पाठवत राहिलो."

"आणि मी ती बिस्किटांमागे ठेवत राहिले," बेरिल म्हणाली. "शहाणेच हो आपण दोघं."

ती हसायला गेली आणि रडली. मी मध्ये होतो, भिजलो.

आता माझी गोष्ट संपत आली. नंबर बदलला म्हणून तिला नवा चष्मा मिळाला आणि मी एन्टविसलांच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीत आलो. लोकांनी टाकलेले जुने चष्मे इथे जमतात आणि कुठल्या तरी दूरच्या गावी जातात म्हणे. ज्याच्या नाकावर मी उद्या बसेन त्याला एवढीच विनवणी आहे. मला कुठून आणलं याची लाज बाळगू नका. आणि कमी दिसायला लागलं तर लगेच मला बोल लावून मोकळे होऊ नका. कदाचित मी निर्दोष असेन, आणि ते जास्त वाईट असेल.

बरणीतून मला बाजाररस्ता दिसतो. रोज सकाळी बेरिल शाळेपर्यंत चालत जाते, आता बिनकाठीची, नुसती मुलांना बघायला. आता ती रस्ता ओलांडत नाही, दुकानावरूनच जाते. मिस्टर एन्टविसल दारात उभे राहून हात करतात. दुकान तिच्या डाव्या हाताला, त्यामुळे तिला तो हात दिसत नाही. मग ते पायरी उतरतात, तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात आणि "गुड मॉर्निंग, मिसेस क्रॉशॉ" म्हणतात. ही पायरी त्यांनी पाच वर्षांपूर्वी उतरायला हवी होती. नाहीतर तिने चढायला.