स्वच्छ काचेची नळी

भाचीचं ते पत्र मामांच्या मनातून जाता जात नव्हतं, कारण त्याला त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं.

"मामा," तिनं लिहिलं होतं, "फोनवर तू ‘बघतो’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र. मी घरी सर्फबोर्ड बनवतेय. त्यावर चढवायचं रेझिन, म्हणजे चिकट द्रव, अतिनील प्रकाशात कडक होतं. ऊन असेल तर प्रश्नच नाही, पण आमच्याकडे सूर्य म्हणजे लहरी पाहुणा. कोणता दिवा घेऊ? दिव्यांतलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?"

त्या शेवटच्या वाक्यानंच घात केला. मामांची हयात दिव्यांच्या कारखान्याची सूचीपत्रं लिहिण्यात गेली होती. दिवे त्यांनी बसवले नव्हते, वाचले होते. उत्तर लिहायला बसले की आधी ‘बहुधा’ यायचं, त्यामागून ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’, आणि शेवटी ‘तरी जाणकारास विचारावे’. असलं उत्तर धाडण्यापेक्षा न धाडलेलं बरं, असं म्हणत ते आणखी एक पुस्तक उघडायचे.

मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. "असशील तसा निघून ये. पोरीला डोळे उघडवत नाहीयेत."

मामा पोचले तेव्हा भाची पडदे ओढलेल्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडली होती.

"काल काम करताना काहीच झालं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी एकदम मूठभर वाळू गेल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, या खेपेला बरं होईल. पुन्हा झालं तर सांगता येत नाही. दिवा कसला आहे ते आधी बघा."

मामा पुढे वाकले. "कसला घेतलास?"

"नळी, ट्यूबलाइटसारखी. दुकानदारानं दोन दाखवल्या. लांबी तीच, टोकं तीच, एकाच पट्टीत बसतात. एकीची काच दुधी, दुसरीची स्वच्छ. म्हटलं, स्वच्छ काचेतून जास्त प्रकाश येणार."

मामा उठले. बहीण त्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. सुतार वापरतात तसल्या दोन लाकडी घोड्यांवर बोर्ड आडवा ठेवलेला, वर टांगलेली नळी. काच आरपार. मामांनी लगेच ओळखलं. ही जंतू मारायची नळी. माणसं बाहेर काढून, दार लावून मग पेटवायची.

"थांब, लावूनच दाखवते," म्हणत बहिणीनं बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!"

आवाज असा फुटला की बहीण भिंतीला टेकली. आपण तिचं मनगट धरलंय हे मामांना नंतर कळलं. केस कापणाऱ्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही म्हणून दरवेळी तुळतुळीत होऊन येणारा हा माणूस!

"अरे, तू ओरडलास?" बहीण म्हणाली. "तू?"

मामांनाही खरं वाटत नव्हतं. त्यांनी आधी वायर उपसली, मग नळी काढून जुन्या चादरीत गुंडाळली. बोर्डवर अंगठा दाबला. वरचा पापुद्रा कडक, खाली सगळं चिकट. डोळे पोळले ते पोळले, आणि बोर्डही कच्चाच.

"दुधी काचेची घ्यायची होती," खोलीत येऊन ते म्हणाले. "माशा पकडायच्या पेटीत असते तसली. आणि तिच्यापुढेही योग्य चष्मा लावायचा."

रुमालाखालून भाचीनं विचारलं,

"मामा, माझं पत्र आलं तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं." मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "बहुधा."

"बहुधा!" बहिणीनं कपाळावर हात मारला. "पोरीचे डोळे जायची वेळ आली, तरी याचं बहुधा!"

"राहू दे, आई." भाचीचा आवाज कापत होता, ती हसत होती की रडत, मामांना कळेना. "मामा, आता तोंडी नको. तोंडी बोललेलं तू दारापर्यंत जाऊन फिरवतोस. लिही आणि टपालानं पाठव. माझ्याबरोबर बोर्ड बनवणाऱ्या दोघी त्याच दुकानात जाणार आहेत. त्यांना दाखवीन."

घरी येऊन मामांनी लिहिलं: दुधी काचेचीच नळी घ्या. स्वच्छ काचेची घेऊ नका, कोणी फुकट दिली तरी नको. दिवा चालू असताना अतिनील किरण अडवणारा चष्मा काढू नका.

‘बहुधा’ लिहायला लेखणी टेकली होती, ती त्यांनी उचलली आणि पाकीट चिकटवून टाकलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र सोडलं आणि लगेच त्यांना शंका आली. ‘अतिनील किरण अडवणारा चष्मा’ म्हणजे कोणता, हे पुरेसं स्पष्ट झालं असेल ना? त्यांनी फटीतून बोटं आत घालून पाहिली. पत्र खाली पोचलं होतं.