तिलवाड्याचा चैत्र

माझे थोरले दीर दिनकरभाऊजी यांना चूक कबूल करताना मी आजवर पाहिलेलं नाही. फेल्डहोवन या डच गावात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं, चिप बनवणारी यंत्रं केसाहून बारीक मापात जुळवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं माप आपल्याच खिशात आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. गेल्या वर्षी नोकरी सोडून घरी बसले, करमेना, म्हणून माझ्या धंद्यात शिरले.

धंदा म्हणजे डच लोकांना राजस्थानच्या जत्रा दाखवायच्या. इथल्याच उइटहॉर्न गावातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून मी तो एकटीने उभा केला. कधी पुष्करचा उंटबाजार, कधी नागौरचा बैलबाजार. माणसं धुळीने माखून आणि खूश होऊन परत येतात. भाऊजी आले आणि बघता बघता ‘आमची कंपनी’ म्हणू लागले. माझा नवरा राजन म्हणाला, "दादाला जरा गुंतवून ठेव, बरं वाटेल त्याला." ते असे गुंतले की यंदाचा गट मीच नेणार, तू घर बघ, असं मला सांगून मोकळे झाले.

या वेळची जत्रा तिलवाड्याची होती. बाडमेरकडे लुणी नदीच्या कोरड्या पात्रात घोडे, उंट, बैल विकायला येतात. तिथे आम्ही पहिल्यांदाच जाणार होतो. राजस्थान सरकारच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, चैत्र वद्य एकादशी ते चैत्र शुद्ध एकादशी. भाऊजींनी आमच्या स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर खाली काढलं, एप्रिलच्या मधोमध बोट ठेवलं आणि लॅपटॉप उघडून तिकिटं बघायला लागले.

"भाऊजी, तारीख चुकतेय," मी म्हटलं. "जत्रा मार्चमध्ये आहे."

"हे काय छापलंय? चैत्र वद्य एकादशी. एप्रिल."

"ते आपल्याकडे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. होळी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र लागतो आणि वद्य पक्ष आधी येतो. आपला तेव्हा फाल्गुनच चालू असतो."

"मग पुष्करला, नागौरला कधी अडलं नाही ते?"

"त्या शुद्ध पक्षातल्या जत्रा. शुद्ध पक्षात त्यांचा आणि आपला महिना एकच असतो."

हे मला आमच्या जोधपूरच्या शेजारणीमुळे कळलं होतं. होळीनंतर आठवड्याने ती शीतलामातेचं थंड जेवण घेऊन आली आणि आज चैत्रातली अष्टमी म्हणाली. मी तिच्याशी हुज्जत घातली होती, मग दोघींनी आपापली कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. भाऊजींना काही ठेवून पाहायचं नव्हतं.

"आणि मला सांगा," मी म्हटलं, "वद्यापासून त्याच महिन्याच्या शुद्धापर्यंत जत्रा चालते, तर वद्य आधी यायला नको का?"

"छपाईची मिस्टेक आहे ती. वैशाख शुद्ध म्हणायचं असेल त्यांना. गव्हर्नमेंटचं काम, दुसरं काय!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमचे आजोबा गावाला पंचांग वाचून दाखवायचे, मीनल. तू मला तिथ्या शिकवू नकोस."

मी त्यांच्यासमोरच तिलवाड्याजवळच्या बालोतऱ्याच्या हॉटेलला फोन लावला. मार्च, असं उत्तर आलं. भाऊजी म्हणाले, त्याला गिऱ्हाईक लवकर हवंय, म्हणून सांगतोय. राजन पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. मी त्याच्याकडे पाहिलं. "दादा म्हणतोय तर असेल काहीतरी," तो बशीला म्हणाला. त्या क्षणी मला दोघांचाही सारखाच राग आला.

पुढच्या रविवारी दुपारी वस्तीच्या सभागृहात प्रवाशांची बैठक होती. बहुतेक माझे जुनेच प्रवासी, आणि एक नवीन बाई, टिनेके. टिनेकेने जन्मभर घोडेस्वारीची शाळा चालवली होती. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकांशी एकमेकांना टेकतात, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. डोळ्यांनी, यावर तिचा जोर होता, कारण तिची नजर जात चालली होती. पुढच्या हिवाळ्यानंतर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट बजावलं होतं. पुढच्या वर्षीची जत्रा तिच्या कामाची नव्हती.

भाऊजींनी पडद्यावर एप्रिलच्या तारखा दाखवल्या. मी उठून उभी राहिले आणि डचमध्ये सांगितलं, "या तारखा चुकीच्या आहेत. तुम्ही पोचाल तेव्हा जत्रा संपलेली असेल."

भाऊजी गोड हसले. "माझी भावजय चहा फार छान करते," ते म्हणाले. "कॅलेंडर मात्र मी बघतो."

सभागृह हसलं. खेरिट नावाचा माझा जुना प्रवासी सगळ्यात मोठ्याने हसला. पुष्करला याचं पोट बिघडलं तेव्हा रात्रभर याच्या उशाशी मी बसले होते. तोंडात मारल्यासारखं झालं मला. भाऊजी मराठीत, हसू तसंच ठेवून म्हणाले, "बस खाली. शोभा करू नकोस."

मी बसले नाही. कोट उचलला आणि बाहेर आले. सायकलचं कुलूप काढायला लागले. मागून टिनेके आली.

"कोण बरोबर आहे?" तिने विचारलं.

"मी."

"घोडे कधी असतील?"

"मार्चमध्ये."

"मग आपण मार्चमध्ये जाऊ," ती म्हणाली. "तो माणूस विनोद फार करतो."

आम्ही दोघीच गेलो. आमचा पाडवा त्या जत्रेतच झाला. पाडव्याला घरची सून घराबाहेर, म्हणून भाऊजींनी राजनला फोनवर झापलं, ते त्याने मला इमानेइतबारे कळवलं. मी फोन पर्समध्ये टाकला. नदीच्या पात्रात नजर पोचेल तिथवर जनावरं बांधलेली होती, लगामांची, घुंगरांची दुकानं होती, मिरची वडे तळले जात होते. टिनेके एका काळ्या घोडीसमोर उभी राहिली, अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि बराच वेळ तिचे कान पाहत राहिली. मग रडली. मीही रडले, आणि मला फार फार आनंद झाला होता.

तिथूनच मी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. अजून वेळ आहे, सगळ्यांची तिकिटं बदला, असं लिहिलं. भाऊजींचं उत्तर आलं, "कुठलीतरी लोकल जत्रा दिसतेय. मुख्य एप्रिलमध्ये." प्रवाशांनाही कळवलं. त्यांनी भाऊजींना विचारलं आणि भाऊजींनी त्यांना हेच सांगितलं.

एप्रिलमध्ये टिनेके तिचे फोटो मोठे छापून घेऊन चहाला आली होती. राजनही टेबलाशी होता. फोन वाजला, व्हिडिओ कॉल. भाऊजींच्या मागे कोरडं पात्र होतं, उपटलेल्या खुंट्यांचे खड्डे, वाळलेलं शेण आणि दोन शेळ्या.

"मीनल, नीट ऐक," ते मराठीत भरभर बोलायला लागले. चेहरा उन्हाने लाल झाला होता. "या वर्षी जत्रा रद्द झाली असं मी सांगितलंय. जनावरांची साथ आली म्हणून. हे लोक विश्वास ठेवत नाहीयेत, त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. स्पीकरवर टाकतो. तेवढं सांग."

"तारीख चुकली म्हणून तुम्हीच सांगा ना."

"ही काय वेळ आहे का मीनल? घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे!"

"सांगून टाक ना," राजन हळूच म्हणाला. "एक वाक्य तर आहे."

टिनेकेला मराठी कळत नव्हतं. पण तिने फोन डोळ्यांजवळ घेऊन ते पात्र ओळखलं, हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि माझ्याकडे. त्या काळ्या घोडीला आता मी साथीत मारून टाकायचं होतं.

स्पीकरवर खरखर झाली. "मीनल?" खेरिटचा आवाज आला. "खरं काय आहे?"

"जत्रा झाली," मी डचमध्ये म्हटलं. "मार्चमध्ये. पूर्ण पंधरवडा चालली. मी तिथे होते, टिनेके होती. खूप घोडे होते."

भाऊजी काहीतरी ओरडले. राजनने डोक्याला हात लावला. मग खेरिट चिडून म्हणाला, "तुला माहीत होतं, तर तू आमच्या तोंडावर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "सभागृहात, उभं राहून. तुम्ही हसलात. सगळ्यात मोठ्याने तू."