खड्ड्यातलं दुकान

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानाची फरशी खचली आणि खाली दोनशे वर्षांपूर्वीची धोबीण निघाली. म्हणजे ती स्वतः नव्हे. तिची खोली, चूल आणि कपडे आपटायचा दगड. विद्यापीठातले प्रोफेसर धावत आले. दगडाची झीज पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"इतिहासानं राजे-महाराजेच मिरवले," ते कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "या बाईला कोणी साधं नावही विचारलं नाही!"

मावशी चहा घेऊन बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनाही नाव कोणी विचारलं नव्हतं. चहात साखर कमी आहे, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं.

मग निरोप आला. जागा आता संरक्षित झाली, दुकान खाली करा. मागची राहती खोलीसुद्धा.

"आम्ही जायचं कुठं हो, साहेब?" मावशींनी प्रोफेसरांना विचारलं.

"मावशी, जरा समजून घ्या. इतक्या वर्षांनी सामान्य माणसाला न्याय मिळतोय!"

"आणि ती धोबीण?"

"ती इथंच. काचेखाली, कायमची."

मावशींना त्या बाईचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचाच राग आला. त्या बिचारीनं काय घोडं मारलं होतं?

यजमान गुडघे चोळत म्हणाले, "बोचकी बांधू. मोठ्यांच्या तोंडी कोण लागणार?"

मावशी खड्ड्याकडे बघत होत्या. मागे त्यांचा चमचा आत पडला, तेव्हा तो उचलायला गेल्या तर प्रोफेसर अंगावर धावून आले होते. खड्ड्यातली कुठलीही वस्तू मोजमाप, फोटो आणि समितीची मंजुरी झाल्याशिवाय तसूभरही हलवायची नाही! चमचा अजून तिथंच होता. समिती बसायची क्वचित, आणि बसली की चहा पिऊन उठायची.

सकाळी प्रोफेसर येऊन बघतात तो काय, मावशी खड्ड्यात! टेबल, इस्त्री, गिऱ्हाइकांचे गठ्ठे, आणि कसेबसे उतरवलेले यजमान खुर्चीवर.

"अहो, आधी बाहेर या!"

"कशी येऊ? आमचं मोजमाप कुठं झालंय?" मावशींनी कॉलरवर इस्त्री दाबली.

नियम प्रोफेसरांचाच होता, आणि वर बघ्यांची गर्दी जमली होती. शेवटी त्यांनी मुकाट्यानं मोजपट्टी टेबलाच्या पायाशी टेकवली आणि कॅमेरा काढला.

मावशींनी केस सारखे केले, यजमानांना नीट बसवलं.

"सावकाश होऊ द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि समितीला सांगा, मुळीच घाई करू नका म्हणावं."