शास्त्रापुरता एक तीळ

ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. लोक म्हणतात, फायली गेल्या, खुर्च्या गेल्या, कारकून गेले. मी तर थंडीसुद्धा पोत्यांत भरून मालगाडीत चढवताना पाहिली. झाशीपाशी एक पोतं उसवलं आणि सगळी थंडी रुळारुळानं चालत ग्वाल्हेरला, आमच्या माधवगंजात परत आली. म्हणून तर त्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या सुधाताईंच्या हलव्याला असा काटा फुटला, की एक दाणा वाटेत सांडला आणि शेजारच्या जयसिंहरावांच्या सायकलीचं चाक बसलं!

हलवा करावा सुधाताईंनीच. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाचमचा साखरेचा पाक आणि बोटं सारखी फिरती. दिवसचे दिवस. थंडी आणि धीर दोन्ही असतील तरच दाण्याला काटे येतात. गल्लीतली प्रत्येक नवी सून आणि प्रत्येक तान्हं बाळ त्यांच्या हातचे हलव्याचे दागिने ल्यालेलं. एकटी शरयू सोडून.

शरयू ही समोरच्या शामलाची मुलगी. बोरन्हाणाच्या दिवशी कुणीतरी कौतुकानं तिच्या ओठाला तिळाची गजक लावली. बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. टांग्यात घालून कंपू भागातल्या दवाखान्यात नेली, सुई टोचली, तेव्हा पोर परत आली. तो टांगा इतका जोरात पळाला, की घोड्याची सावली मागाहून, जेवणवेळेला पोचली. हे मी सांगितलं तर गल्लीला लगेच पटलं. पण शामला सांगे, "हिला तीळ म्हणजे विष आहे हो," ते कुणाला पटेना.

"उष्ण पडत असेल गं."

"ताकातून दे."

"जरा जरा चाटव, सवय होईल."

दर संक्रांतीला शामला दारोदार जाऊन सांगायची आणि दर संक्रांतीला बायका मान हलवून तिच्याच हातावर तिळाची वडी ठेवायच्या. शरयू ज्वारीच्या लाह्या दोऱ्यात ओवून गळ्यात घाली आणि आरशासमोर मान वाकडी करून बघे. लाह्यांना काटे नसतात.

त्यातच सुधाताईंच्या मुलाच्या, मुकुंदरावच्या, बदलीचा हुकूम आला. संक्रांत झाली की बिऱ्हाड भोपाळला. त्यांच्यामागे काटेरी हलवा करणारं कुणी उरणार नव्हतं. शामलानं जीव मुठीत धरून विचारलं, "काकू, जाण्याआधी माझ्या शरयूला एक हार कराल? साबुदाण्यावर. एकही तीळ नको."

सुधाताईंचे डोळे भरले. "करते की गं. केव्हाचं मनात आहे."

सुधाताईंच्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू. शरयू काळं परकर-पोलकं घालून पाटावर बसलेली, श्वास रोखून. सुधाताईंनी डबा उघडला. पांढराशुभ्र हार, खाली पदक. चांदण्याला दोरा ओवावा तसा! बायकांनी "अगंबाई" म्हटलं. हार गळ्यापाशी आला आणि सुधाताई हसत म्हणाल्या, "सगळा साबुदाणा आहे हो. फक्त शास्त्रापुरता एक तीळ घातलाय. संक्रांतीला पोरीला शकुन नको का?"

शामलानं त्यांचं मनगट धरलं.

"कुठे घातलाय?"

"आता ते कसं सांगू? साखरेच्या आत सगळे सारखेच."

"मग काढा."

"शामला, भरल्या बायकांत..."

"आई," शरयू हळूच म्हणाली, "बस हात लगाऊँगी ना. खाऊँगी नहीं, कसम से."

शामलानं तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथंच विरघळली असती. "काकू, तुमच्या मायेनंच माझी लेक जाईल. आणि तेराव्याला तुम्हीच सगळ्या म्हणाल, अगं, एकच तर होता."

अत्तर लावत फिरणाऱ्या विजयाबाईंच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. सुधाताईंनी हार डब्यात ठेवला, डबा लावला आणि वाण न लुटताच उठल्या.

दुसऱ्या सकाळी मी ओसरीवर ऊन खात बसलो होतो, तोच शामला रस्ता ओलांडून त्यांच्या दारात उभी राहिली. सुधाताई भांडी बांधत होत्या.

"भांडायला आलीस?"

"विचारायला आले. काकू, तुमचा सोवळ्यातला स्वयंपाक. त्यावर खरकट्याचा एक शिंतोडा उडाला तर?"

"तर काय? सगळा गेला!"

"एकच शिंतोडा ना? शास्त्रापुरता?"

सुधाताईंच्या हातातलं पातेलं थांबलं. परातीकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी परातसुद्धा..."

"परातसुद्धा."

"चाळीस वर्षांची परात बाटवलीस गं बाई!" असं म्हणून त्या रडल्या. मग पदरानं नाक पुसून उठल्या, न्हाणीत गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं शामलाच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

त्यानंतर जे झालं ते सोवळं पेशवाईतही कुणी पाळलं नसेल. शामलाची नवी परात, नवा चमचा, साखर निवडून घेतलेली. वाटेनं कुणी गजक खात निघाला की सुधाताई खिडकीतून ओरडत, "लांबून! तिळाचा वारा नको!" एक चिमणी म्हणे रोज बाहेरच्या पन्हाळीवर चोच धुऊन मगच आत यायची. ती मी पाहिलीय, शपथ खायची तयारी आहे.

पण गाडी काट्यासाठी थांबत नाही. साबुदाण्यावर थर चढले, दाणे गोल झाले, पांढरे झाले, काटा मात्र येईना. टांगा दाराशी लागला. मुकुंदराव हाका मारतोय, "आई, चल, गाडी छूट जाएगी!" आणि सुधाताईंची बोटं परातीत फिरतायत.

"काकू, उठा आता."

"तू हात घाल आधी. माझ्या बोटांमागून फिरव. हं. थांबवू नकोस. पाक कमी, धीर जास्त." शामलाचा हात परातीत गेला, तेव्हा त्यांनी आपला काढला. शरयूच्या गालाला मात्र त्यांनी हात लावला नाही. घरी जाऊन त्या प्रवासाचं लुगडं नेसून आल्या होत्या आणि त्याच्या ओच्यात तिळाचे लाडू बांधलेले. लांबूनच बोटं मोडून कडकडा दृष्ट काढली आणि टांग्यात बसल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. तेवढीच मुदत. शामला पहाटेच्या गारठ्यात शेगडीपाशी बसे. तिचा नवरा भालचंद्र म्हणाला, "सोड आता, बाजारातून मोत्यांची माळ आणतो." तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, बोटं थांबवायची नव्हती ना.

रथसप्तमीला शरयू हार घालून बाहेर आली. बारीक, वाकडेतिकडे, पण काटे होते. आणि गालावर एकही गांध उठली नव्हती. पोर दारोदार दाखवत सुटली. पण गल्लीतली निम्मी दारं भोपाळला गेली होती. ती सुधाताईंच्या दारापाशी थांबली. कुलूप. तिनं कडीला हात लावला नाही. मान जरा वाकडी केली, पदक पुढे ओढलं आणि बंद दारासमोर नीट दिसेल असं धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

शामला तिला हाक मारायला आली होती. तिनं हाक मारली नाही.