बाविसाव्या खुर्चीवर कुणी बसत नाही

मी बाविसावी खुर्ची बोलतेय. कालिनोव्हेत्सच्या नगरपालिकेत, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, खिडकीच्या बाजूला मी उभी असते. माझ्या पाठीवर पितळी पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘तरुणांसाठी’.

आम्ही बावीस जणी एकाच हिवाळ्यात घडलो. सुतारानं आम्हाला पालथं घालून एकेकीच्या पायावर आकडा टाकला. नगरसेवक होते एकवीस. मी जास्तीची, कुणाची मोडली तर असावी म्हणून. पण सुतार आपल्या कामात पक्का होता. कुणाचीच मोडली नाही. मग कितीतरी वर्षं मी सामानाच्या खोलीत झेंड्यांच्या काठ्यांशेजारी काढली. झेंडे निदान सणाला बाहेर जायचे.

दोन वर्षांपूर्वी बसथांब्याच्या शेडमध्ये एका शाळकरी मुलाला मारहाण झाली. शेडच्या काचाही फुटल्या. गाव घाबरलं. नगरपालिकेनं एका बैठकीत तीन ठराव केले. थांब्यावर कॅमेरे बसवायचे. जी मुलं परवानगीशिवाय शाळा बुडवतील त्यांची नावं दर बैठकीत वाचायची. आणि सभागृहात तरुणांसाठी एक खुर्ची ठेवायची. तिच्यावर बसणाऱ्याला मत नाही, पण बोलायचा हक्क आहे. सगळे हात वर झाले.

साफसफाई करणाऱ्या गिंकामावशीनं मला बाहेर आणून ओल्या फडक्यानं पुसलं. पट्टीचे स्क्रू आत शिरताना दुखलं, पण मी कुरकुरले नाही. आपल्यावर कुणीतरी बसणार, या विचारानंच मला रात्रभर झोप आली नाही.

बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाला. आमच्याकडे ती कायम तेव्हाच असते. आणि सकाळी दहाला गावातली झाडून सगळी मुलं शाळेत असतात. हे एकवीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं, पण मला कोण विचारतंय?

एक बैठक झाली, दोन झाल्या, दहा झाल्या. नगरसेवक रांगेल आपला जाड कोट माझ्यावर टाकायचे आणि म्हणायचे, “बघा, जागा दिली तरी येत नाहीत. हल्लीच्या मुलांना कशात रसच नाही.” त्या कोटाला तंबाखूचा वास यायचा. तरी तो निघून गेला की मला गारठल्यासारखं व्हायचं.

आठ नोव्हेंबरला रांगेल यांचा नामदिवस होता, म्हणजे त्यांच्या नावाच्या देवदूताचा सण; आमच्याकडे त्या दिवशी गोड वाटतात. त्यांनी चॉकलेटचा मोठा डबा आणला आणि सवयीनं माझ्यावर ठेवला. बैठक सुरू होणार इतक्यात दाराशी एक मुलगी येऊन थांबली. दप्तर पाठीला, केस टोपीत कोंबलेले.

“काय गं, कोणाकडे?” गिंकामावशीनं विचारलं.

“आत बोलायचंय. माझं नाव झोर्नित्सा. मावशी, मला घाम फुटलाय.”

“फुटू दे. परीक्षेला निघालीस असं समज.” मावशीनं हातातल्या पेल्यातलं पाणी तिच्या पुढ्यात उंबऱ्यावर सांडलं. काम पाण्यासारखं वाहतं व्हावं म्हणून.

“अहो मावशी, आत्ताच पुसलीत ना फरशी!” कारकून ओरडला.

“परत पुसेन. तुला थोडीच सांगतेय?”

झोर्नित्सा ओल्या बुटांनी आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “इथे बसू का?”

“बस की! आधी चॉकलेट घे,” डबा उचलत रांगेल म्हणाले.

“नाव सुखानं मिरवा, काका,” म्हणत तिनं एक घेतलं आणि ती बसली.

ती बसली! इतकी हलकी होती, तरी माझे चारही पाय जमिनीला पहिल्यांदा नीट टेकले.

त्या दिवशी विषय होता जुन्या चित्रपटगृहामागच्या खोलीचा. खोली मुलांची. तिथे शेगडी आहे, टेबल टेनिसचं टेबल आहे. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली होती. सुरक्षेसाठी ती रोज पाचला बंद करावी, असा प्रस्ताव होता.

झोर्नित्सा उठली. तिचा आवाज इतका बारीक की पुढच्यांना माना वळवाव्या लागल्या. “आम्ही वरच्या वाड्यांतली मुलं. पाचची बस तुम्ही बंद केलीत. आता साडेसातची. खोली बंद झाली की आम्ही अंधारात शेडमध्ये थांबणार. त्याच शेडमध्ये. माझा भाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याला घेऊन मी कुठे बसू?”

कुणी खोकलं, कुणी कागद चाळले.

“मुद्दा बरोबर आहे,” अध्यक्षबाई कामेन्स्का म्हणाल्या. “पुढच्या बैठकीत निर्णय घेऊ. ये तू, तेव्हाही सांग.”

ती गेली. चॉकलेट तिनं खाल्लंच नव्हतं. मुठीत वितळून त्याचा डाग माझ्या कडेवर राहिला.

डिसेंबरची बैठक आली. मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून होते. ती आली नाही. पहिलाच विषय, शाळा बुडवणाऱ्यांची यादी. कारकुनानं वाचलं, “झोर्नित्सा, अकरावी, आठ नोव्हेंबर. कारण दिलेलं नाही. पुन्हा घडल्यास शाळेतून नाव कमी करण्यात येईल.”

“काय ही आजकालची पोरं!” रांगेल हळहळले.

आठ नोव्हेंबर! स्वतःचा नामदिवससुद्धा त्यांच्या लक्षात नव्हता. मी ओरडले असते, पण लाकडाला तोंड नसतं.

“आता खोलीचा विषय. मुलांचं काही म्हणणं?” अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “खुर्ची रिकामी. आक्षेप नाही, अशी नोंद करा.”

तेवढ्यात दाराशी बादली आपटली. गिंकामावशी तरातरा आत आली आणि ओल्या एप्रनसकट माझ्यावर बसली.

“गिंका! तुला इथे बोलायचा हक्क नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“मला नाही, पण खुर्चीला आहे ना? मग समजा खुर्ची बोलतेय. आत्ता यादीत वाचलंत ते नाव त्या पोरीचं. त्या दिवशी ती शाळेत नव्हती, कारण ती इथे होती. रांगेल, तुझं चॉकलेट हातात धरून. हा बघ डाग!”

रांगेलनी वाकून डागाकडे पाहिलं आणि हात पुढे करून कारकुनाकडून यादी मागितली.

यादीतून तिचं नाव काढलं. खोलीचा निर्णय जानेवारीवर ढकलला. तोवर ती साडेसातपर्यंत उघडी राहील. बैठकीची वेळ मात्र सकाळी दहाचीच राहिली. ती बदलायचा विषय त्या दिवशी पत्रिकेवर नव्हता.

आता मी पुन्हा एकटीच आहे. रांगेल हल्ली कोट आपल्याच मांडीवर घेऊन बसतात. मावशी मला रोज पुसते, पण डागाला हात लावत नाही. वाचणाऱ्यांनो, जमलं तर माझं एवढंच म्हणणं वर पोचवा, की बैठक शाळा सुटल्यावर ठेवा. दुसऱ्या गुरुवारी सकाळी मावशी उंबऱ्यावर पाणी सांडते. दहा वाजेपर्यंत ते वाळून जातं. मी दाराकडे बघत राहते.