मी ढीग सोडला नाही

डिसेंबरचा दिवस होता. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. सकाळी दहालाच वाळू पायाला चटका देत होती. शैलेंद्र आणि विनीता गाडीतून उतरले. एरवी उतरल्या उतरल्या दोघांचं काही ना काही चालू असतं. टोपी कुणी विसरली, चष्मा कुठे ठेवलास. त्या दिवशी तसलं काही नव्हतं. विनीताच्या हातात कागदाची पिशवी होती आणि पिशवीतून पिसं वर आली होती. राखाडी, तपकिरी, कडेला पांढरी.

"नक्की तीच का रे?" विनीताने विचारलं.

"डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं. आपल्या फोटोत आहे तसंच. तीच."

"ट्रकने?"

"ट्रकच असणार. कडेला किती गहू सांडलाय, बघितलास ना? तोच खायला आली असणार. आता परत परत विचारू नकोस."

मी वीस पावलांवर झुडपाखाली उभा होतो. आमच्या जातीत माणूस दिसला की पळायचं नसतं, जागच्या जागी थिजायचं असतं. मी तसाच थिजून होतो. माझी जोडीदार चार दिवस मला कुठे दिसली नव्हती. का दिसली नव्हती, ते मला त्या क्षणी कळलं.

मित्रांनो, मी ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा पक्षी आहे. वीस हिवाळे पाहिलेला. इथे मला मॅलीफाउल म्हणतात. जवळचा गव्हाचा शेतकरी मला रानटर्की म्हणतो, शैलेंद्र रानकोंबडा म्हणतो. काहीही म्हणा, मी ओ देणार नाही. माझं मराठी या दोघांच्या जेवणाच्या डब्याजवळच्या झुडपात उभं राहून शिकलेलं आहे. त्यात इंग्रजी शब्द आले तर चालवून घ्या.

ही दोघं मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमध्ये राहतात. मूळची पुण्याची. तो कॉम्प्युटरवर काम करतो, ती औषधांच्या दुकानात. पक्षी मोजणाऱ्या एका ग्रुपमध्ये दोघांनी नाव घातलं आहे. सात वर्षं झाली, दर ऑक्टोबरला पाच तास गाडी चालवून ती माझा ढीग बघायला येतात.

ढीग म्हणजे माझं घरटं. आम्ही अंड्यांवर बसत नाही. आधी मी वाळूत मोठा खड्डा खणतो. मग चारी बाजूंनी पाला, साली, काटक्या पायाने मागे मागे ओढत आणतो आणि खड्ड्यात भरतो. हिवाळ्यात पाऊस पडतो, पाला भिजतो. भिजला की मी त्यावर वाळू लोटून तो बंद करतो. आत पाला कुजतो आणि गरम होतो. त्या उबेत अंडी वाढतात. ऊब जास्त झाली तर मी वाळू काढतो, कमी झाली तर घालतो. वाळूत चोच खुपसली की मला बरोबर कळतं. हे काम वर्षाचे दहा महिने चालतं.

मी स्वतः असाच एका ढिगात जन्मलो. डोक्यावर हातभर वाळू होती. वर यायला मला जवळजवळ एक दिवस लागला. बाहेर आलो तेव्हा माझा बाप तिथेच काम करत होता. त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आमच्यात कुणी पिल्लाला भरवत नाही, चालायला शिकवत नाही. मी घसरत खाली आलो आणि पळालो. त्या वर्षी त्या ढिगातून निघालेल्या पिल्लांपैकी पुढचा हिवाळा बहुतेक मी एकट्याने पाहिला. बाकीची कोल्ह्यांनी आणि ससाण्यांनी नेली.

ती मला पाचव्या वर्षी भेटली. तिला नाव नव्हतं. आमच्यात नावं नसतात. ती म्हणजे ती.

आमचं जमलं ते कामामुळे. वसंतात दर पाच-सहा दिवसांनी ती यायची. मी तिच्यासाठी ढीग उघडायचो, एका वेळी गाडीभर वाळू बाजूला व्हायची. मग ती आत उतरून चोचीने तपासायची. पटलं नाही तर अंडं न घालता तशीच निघून जायची. तिला समजावायची सोय नव्हती. मी मुकाट्याने सगळं बंद करायचो आणि दुसऱ्या बाजूने परत उघडायचो. चांगल्या वर्षी तिने बावीस अंडी घातली. त्या वर्षी शैलेंद्र ढिगाभोवती फिरत म्हणाला होता, "इंजिनियर आहे हा! डिग्री नाही, काही नाही, आणि टेम्परेचर बघ."

"नाहीतर तू," विनीता म्हणाली. "घरातला हीटर लावायला मॅन्युअल शोधतोस."

चांगली वर्षं होती ती.

मग गेल्या वर्षी हिवाळ्यातला पाऊस नावालाच पडला. ढग यायचे, सावली पाडून निघून जायचे. इथल्या वॉटलला, म्हणजे तुमच्या बाभळीच्या बहिणीला, शेंगा धरल्या नाहीत. आम्ही त्या बियांवर जगतो. कापलेल्या गव्हात लावे असायचे, त्यांचे थवे दिसेनासे झाले. उत्तरेच्या माळावर आमच्याहून मोठा, तुमच्या माळढोकासारखा एक पक्षी असतो. तो अंडी न घालताच दुसरीकडे निघून गेला म्हणतात. त्याला उडून जाता येतं. मला ढीग सोडून कुठे जायचं ते माहीत नाही.

त्या वर्षी पाला अर्धाच भिजला. ढीग कसाबसा गरम झाला. बावीसच्या जागी तिने पाच अंडी घातली. पाच तर पाच. मी त्यांच्यासाठी बाविसांइतकंच काम केलं.

ऑक्टोबरमध्ये ही दोघं आली आणि वाळलेली झाडं पाहून विनीताचा जीव खालीवर झाला.

"पाणी कुठे पितात रे हे?"

"लीनाने ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, काही ठेवायचं नाही," शैलेंद्र म्हणाला. लीना म्हणजे त्यांच्या ग्रुपची प्रमुख.

"लीनाला काय होतंय सांगायला? आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गॅलरीत चिमण्यांना पाणी असतं. माझी आई स्वतः जेवायच्या आधी भांडं भरायची. पाणी ठेवल्याने कुणाचं वाईट झालंय का कधी?"

शैलेंद्रने पाण्याचा कॅन गाडीतून खाली उतरवला. त्याच्या आईनेही तेच केलं असणार. विनीताने गाडीतून श्रीखंडाचा मोठा रिकामा डबा काढला, ढिगाच्या शेजारी अर्धा वाळूत पुरला आणि काठोकाठ भरला. बाजूला दोन मुठी ज्वारी टाकली. जाताना तिने हात जोडले. "येतो हं आम्ही डिसेंबरमध्ये परत भरायला."

मित्रांनो, आम्हाला प्यायला पाणी लागत नाही म्हटलं तरी चालेल. बियांतून, कोंबांतून जेवढं मिळतं तेवढं पुरतं. पाणी लागतं रानशेळ्यांना. दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. पाणी प्यायल्या, ज्वारी खाल्ली आणि उरलेली कोवळी झुडपं बुंध्यापर्यंत ओरबाडून गेल्या. त्यांच्या मागे कोल्हा आला. पाणी पिता पिता त्याला ढिगाचा वास लागला. तीन दिवस तो येत राहिला. मी त्याच्या अंगावर वाळू उडवली, पंख पसरून धावलो, पायावर त्याचा चावा सोसला. त्याने पाचही अंडी उकरून नेली.

त्यानंतर ती ढिगाजवळ फिरकेना. खायलाही काही उरलं नव्हतं. कापणीचे ट्रक सायलोकडे, म्हणजे धान्याच्या कोठाराकडे, जाताना रस्त्याच्या कडेला गहू सांडतात, तिथे ती जायला लागली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या डिसेंबरच्या दिवशी पिसांची पिशवी गाडीवर ठेवून विनीता डब्याकडे गेली. डबा कोरडा होता. भोवती खुरं उमटली होती, पंजे उमटले होते. एक अंड्याचं कवच पडलं होतं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"शैलू, हे मी केलं," ती म्हणाली.

"अगं, दुष्काळ आहे. सगळीकडेच..."

"नको समजूत घालूस. डबा कुणी ठेवला? मीच ना?"

शैलेंद्रने पाण्याचा भरलेला कॅन उचलला आणि परत गाडीत ठेवला. विनीताने डबा उपटून काढला. कुठे तरी माझ्या दिशेने बघत ती म्हणाली, "सॉरी रे बाबा."

मी रागावलो होतो. अजून राग आहे. सॉरीने अंडी भरून निघत नाहीत आणि ती परत येत नाही.

मार्च आला. मार्चमध्ये खणायला सुरुवात करायची असते. ती नव्हती. पावसाचं चिन्ह नव्हतं. पूर्वेला दोन ढीग सोडून एक तरुण नर आहे, त्याने यंदा पायही उचलला नाही. शहाणा असेल. मीही आठवडाभर ढिगाजवळ नुसता उभा राहिलो. कुणासाठी खणायचं? हा प्रश्न मला पडला नाही असं मी म्हणणार नाही.

पण चाव्याची जखम भरली होती, माझे दोन पाय शाबूत होते. ती गेली म्हणून जुन्या ढिगावर गवत वाढू द्यायचं, कोल्ह्याला वाटू द्यायचं की इथे आता कुणी नाही, हे मला मान्य नव्हतं. मी खणायला लागलो. शेळ्यांनी जवळचा पाला ठेवलाच नव्हता, म्हणून साठ-सत्तर पावलांवरून ओढत आणला. माझी वाट वाळूत चांगली रुंद दिसायला लागली. खड्डा भरला. मग पावसाची वाट बघितली. जून गेला, ऑगस्ट गेला.

ऑक्टोबरमध्ये दोघं आली. मला वाटलं होतं येणार नाहीत. विनीता उतरली ती रिकाम्या हातांनी. एवढं मात्र तिच्या बाजूने बोलायला हवं, तोंड लपवून ती घरी बसली नाही.

त्यांची एक पद्धत आहे. तपासणी झाली की ती ढिगावर दोन काटक्या फुलीसारख्या ठेवतात. ढिगावर कुणी काम केलं की फुली मोडते. फुली जशीच्या तशी राहिली तर ढीग मेला. मेलेल्या ढिगावर दर वर्षी कुणी येत नाही, पाच वर्षांतून एकदा येतात. आणि कोल्ह्यांचा बंदोबस्त जिवंत ढिगांच्या आसपासच होतो. हे सगळं शैलेंद्रनेच मागे कधीतरी जेवताना सांगितलं होतं. म्हणजे त्या फोनवर तो काय लिहितो, यावर माझं रान टिकणार की जाणार हे ठरतं.

"अंडी नाहीत. ढीग बंद केलेला नाही," तो फोनवर बोट फिरवत म्हणाला. "ॲक्टिव्ह, नो."

"नो कसं? पाला बघ किती लांबून ओढलाय."

"जुना असेल. आणि मागची फुली तर कोल्ह्यानेच मोडली."

"जुना? वाट ताजी आहे, शैलू!"

"विनू, मी मनाने काही टाकणार नाही. पक्षी दिसला नाही, ढीग उघडा आहे. त्याची जोडीदार गेली. तो निघून गेला असणार किंवा..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि ढिगाच्या काठावर फुली ठेवली.

माझ्या जातीने हलायचं नसतं. माणसांसमोर तर नाहीच. वीस वर्षं मी हा नियम पाळला, म्हणून वीस वर्षं जगलो. त्या दिवशी मी झुडपातून बाहेर आलो. सरळ चालत ढिगावर चढलो, दोघांच्या समोर. त्यांच्याकडे पाठ केली, पाय रोवले आणि मागे लाथ घातली. फुली उडाली. आणखी एक लाथ घातली, आणि आणखी एक.

"अरे, माझ्या बुटात वाळू!" विनीता ओरडली.

"शू! हलू नकोस."

"तूच हलू नकोस. आणि आता लिही."

"काय लिहू?"

"डोळ्यांना दिसतंय ते लिही ना!"

शैलेंद्रने चष्मा पुसला. मग मोठ्याने म्हणत लिहिलं, "पक्षी दिसला, येस. काम चालू, येस. अंडी, नो." फोन खिशात घालत तो पुटपुटला, "येतोय रे, पुढच्या वर्षी. नो वरीज."

मी थांबलो नाही. ती दोघं गाडीकडे जाईपर्यंत लाथा घालत राहिलो. त्यांनी मान्य केलं म्हणून माझं काम संपत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी रडू नका. माझी कीव करून भांडी भरून ठेवू नका. मदत करायची तर आधी इथल्या जाणकाराला विचारा, पक्ष्याला काय लागतं आणि काय लागत नाही. ट्रकमधलं धान्य झाकून न्या. सांडलेल्या धान्याजवळ गाडी हळू चालवा. रानातला पडलेला पाला कचरा समजून जाळू नका. आणि एखादा ढीग उघडा दिसला म्हणून तिथे कुणी नाही असं लिहून मोकळे होऊ नका. आभाळ कोरडं राहिलं तर राहू दे. मी मार्चमध्ये परत खणणार आहे.

सध्या खड्ड्यातला पाला कोरडा आहे. तो भिजायचा आहे. त्यावर वाळू लोटायची राहिली आहे.