आप्पांसारखे दात

केंदूरच्या संपत आप्पांचे वरचे दात पुढं आलेले होते, आणि त्यांच्या सोनमचेही तसेच. लहानपणी कुणीही तिला पाहिलं की म्हणायचं, पोरगी थेट बापावर गेली. तेव्हा ती खुशीत हसायची. कॉलेजात गेल्यावर मात्र तिचं हसू ओठांतच राहायला लागलं. पुढं रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला लागल्यावर तोंडावरचा मास्क तिला इतका सोयीचा वाटला, की परतीच्या बसमध्येही ती तो काढीना. डबा खायची तोही भिंतीकडं तोंड करून.

मग निमोण्याचं स्थळ आलं. चहापाणी झालं, पाहुणे उठले, आणि अंगणात चपला घालता घालता मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी गुणाची दिसती, पण तोंडच मिटत न्हाई तिचं." सोनम दाराआड होती. आप्पा अंगणातच उभे होते. त्यांनीच मग शिरूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची चौकशी केली आणि सुट्टीच्या दिवशी लेकीला मोटारसायकलवर घेऊन गेले.

एक्स-रे झाला, दातांचा साचा घेतला. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी सोनमच्या हातात आरसा दिला आणि विचारलं, नेमकं काय खुपतं, आणि तारा बसवून काय व्हायला हवं. असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांचं साठलेलं भडाभडा बाहेर आलं.

"मला आप्पांसारखं दिसायचं न्हाई. आरशात बघितलं की त्यांचंच तोंड दिसतं. लाज वाटती मला त्याची."

तेवढ्यात हातातल्या आरशात तिला मागचं दार दिसलं. दारात आप्पा उभे होते, तिचा वाजणारा मोबाइल हातात धरून. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की दात आत जातील, ओठ मिटतील, पण हाडाची ठेवण घरची असते, चेहरा काही दुसरा होणार नाही. सोनम मान हलवत राहिली. तिचे कान जळत होते.

परतीच्या वाटेवर चहाला थांबले तेव्हा आप्पांनी उपरण्याचा सोगा तोंडाशी धरूनच चहा प्यायला. त्या दिवसापासून ती सवयच झाली. सोनमच्या आईनं, बानूबाईंनी, नवऱ्याला विचारलं, दाढ दुखते का. ते म्हणाले, दुखत नाही. चारचौघांत खदखदून हसणारा माणूस मान खाली घालून हूं हूं करायला लागला. सोनमला आता स्वतःच्या दातांची आठवणही येईना. जी लाज ती इतकी वर्षं वागवत होती, ती तिनं बापाच्या पदरात टाकली होती.

तारा बसवल्या त्या दिवशी तिला घास चावेना. संध्याकाळी आप्पांनी दुधात भाकरी कुस्करली, वाटी तिच्यापुढं ठेवली आणि बाजूला बसले.

"आप्पा, त्या दिवशी दवाखान्यात मी..."

"खोटं न्हवतं ते," आप्पा सोग्याआडून म्हणाले. "माझ्या लग्नात मी सारा वेळ ओठ दाबून हुबा व्हतो. दुसऱ्या दिवशी जबडा हलंना. हे कुणालाच सांगितलं न्हाई. आन् तुझं दात पुढं आलं, तवा वाटलं, पोरीला दुसरं काय न्हाई दिलं, हेच दिलं."

सोनमनं वाटी बाजूला सारली. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या तोंडावरचा सोगा बाजूला केला. त्यांनी करू दिला, पण नजर जमिनीवरच ठेवली.

"तारा काढल्यावर," त्यांनी हळूच विचारलं, "लोक वळखतील का, ही संपतची हाय म्हणून?"

"वळखतील," ती म्हणाली. तारांमुळं शब्द नीट उमटला नाही, म्हणून तिनं तो पुन्हा म्हटला. आप्पांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते तिला कळलं नाही, आणि विचारायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.